हिप्परग्याचे वीस मासे

सोलापूरच्या मासळी बाजारात बजाबाई भोईण तोंडाळ म्हणून प्रसिद्ध होती. होतीच ती तोंडाळ, त्यात लपवण्यासारखं काही नाही. शेजारणीनं कालची मासळी आजची म्हणून खपवली की बजाबाई भर बाजारात तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करी. गिऱ्हाईकानं उगाच नाक मुरडलं तर गिऱ्हाइकालाही सोडत नसे. तरी गिरणीतल्या बाया आणि हातमागावरच्या पद्मशाली बाया तिचे टोमणे खात तिच्याचकडे येत, कारण बजाबाईनं "जितं हाय" म्हटलं की पाटीत हात घालून बघावं लागत नसे. पन्नाशी गाठलेल्या त्या बाईपाशी शेत नव्हतं, धड घर नव्हतं. होता तो हा एवढा शब्द, आणि त्याच्यावर ती आणि तिचा नवरा महिपती असे दोघे जेवत होते. त्या शब्दावर एका बड्या माणसानं कसा घाला घातला त्याची ही हकीकत आहे. ती सांगताना राग येतो, आणि तो गिळून सांगण्यात काही अर्थ नाही.

बडा माणूस म्हणजे मंगळवार पेठेतला नागप्पाशेट. पुढे कापडाचं दुकान, मागे घर, गळ्यात लिंग, कपाळावर भस्माचे ठसठशीत पट्टे. माणूस वाईट नव्हता, पण चार लोकांनी आपल्याकडे बघावं याची त्याला भारी हौस. १९३४ सालच्या दिवाळीनंतर तो मुंबईला माल घ्यायला गेला आणि कुणा साहेबाच्या बंगल्यातल्या सामानाच्या लिलावात काचेची एक पेटी उचलून घेऊन आला. लोखंडी चौकट, चारी बाजूंना जाड काच, तळाला काळा दगड. पेटीबरोबर सहा सोनेरी मासेही होते, ते डब्यातून आणताना कुर्डुवाडीच्या आधीच उलटे झाले. पेटी मात्र शाबूत आली. संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा भरते, पेठेत माणसांची रीघ लागते. त्या वेळी दुकानाच्या तोंडाशी ही पेटी मांडायची आणि सगळ्या सोलापूरनं थांबून बघायचं, असं शेटच्या मनानं घेतलं.

आता ज्या घरात मासा हा शब्दसुद्धा जेवताना उच्चारत नाहीत, त्या घरात माशांचं कळणार कुणाला? शेटचे दिवाणजी भीमाशंकर बाजारात आले, नाकाला उपरणं लावून बजाबाईपुढे उभे राहिले आणि म्हणाले, "शेटनी बोलावलंय. मागच्या दारानं ये."

बजाबाई गेली. मागच्या दारानंच गेली, कारण आजवर तिला दुसरं दार कुणी दाखवलंच नव्हतं. पेटी बघितली मात्र, आणि बाईचा सगळा तोंडाळपणा कुठच्या कुठं पळाला. जन्मभर तिनं पाणी वरून बघितलं होतं. बाजूनं बघायला मिळणार हे तिच्या कधी ध्यानीमनी नव्हतं. तिनं हातानं पेटी मापली. दीड हात लांब, पाऊण हात रुंद, तेवढीच खोल.

"पाच घागरी पानी बसंल," ती म्हणाली.

"मासे किती मावतील?" शेटनं विचारलं.

"मावायचं म्हनाल तर दोनशे मावतील की. जगायचं म्हनाल तर ईस."

"वीस? एवढ्या पेटीत? लोक हसतील, बजाबाई. निदान एक मोठी मरळ तरी सोड मधोमध. भारदस्त दिसेल."

"सोडते की. आठ दिसांनी बगा, मरळच दिसंल भारदस्त. बाकीचे तिच्या पोटात असतील."

शेट हसला. मग बजाबाईनं चुलीतला एक कोळसा मागून घेतला आणि अंगणातल्या फरशीवर पेटीएवढा चौकोन काढून बसली. तिला अक्षर येत नव्हतं, पण त्या चौकोनात तिनं जे मांडलं ते एखाद्या मिस्तरीनं घराचा पाया आखावा इतकं चोख होतं. तळाला चार बोटं वाळू, तीही सीना नदीच्या पात्रातली, निवळ पाणी येईपर्यंत धुतलेली. मुरूम नको, तो पाणी गढूळ करतो. मागच्या अंगाला रिबिनीसारखं लांब पात्यांचं गवत, दाट. दोन्ही कोपऱ्यांत पिसासारखं मऊ शेवाळ, ज्याला ऊन लागलं की मोत्याएवढे बुडबुडे सुटतात. पुढची बाजू मोकळी, म्हणजे मासे दिसतील. शेटला कमळ हवं होतं. तिनं सांगितलं, कमळाचं पान सगळं ऊन खाईल आणि खालचं गवत कुजेल. पेटीवर सकाळचं ऊन दोन घटका पडावं, दुपारचं अजिबात नको.

मग मासे. कपाळावर चांदीचा ठिपका असलेली बारकी मासळी भोयांच्या बायका टिकली म्हणतात, ती पाण्याच्या वरच्या थरात फिरते, डासाची अंडी-पोरं खाते. त्या सहा. अंगावर निळसर पट्टे असलेले चपळ मासे मधल्या थरात, ते सहा. ज्यांच्या अंगातून पलीकडचं दिसतं, काटेसुद्धा मोजता येतात, अशा काचक्या चार. वाळूत तोंड खुपसून उष्टंखरकटं वेचणारे तळचे चार. झाले वीस. शिवाय काच चाटून साफ करायला सहा बारक्या गोगलगाई. आधी गवत लावायचं, पाणी भरायचं आणि आठ दिवस नुसतं राहू द्यायचं. मासे त्यानंतर.

"वरच्यानं वरती ऱ्हावं, खालच्यानं खाली, कुनी कुनाच्या आड यायचं न्हाय," ती म्हणाली. "आन् पानी मी आनते. तळ्याचं. माज्या घागरींनी."

इथं पहिल्यांदा शेटचा चेहरा आंबट झाला. मासळी विकणारीच्या घागरीचं पाणी घरात? पण अव्वा, म्हणजे शेटची आई शरणम्मा, तेव्हा मैंदर्गीला लेकीकडे गेलेली होती. शेटनं इकडं तिकडं बघितलं आणि म्हणाला, "आण. पण उजाडायच्या आत आण. मागच्या दारानं. कुणाला दिसू नको."

बजाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. का जाऊ नये? तिचा सासरा याच घरात कावडीनं पाणी भरत होता. याच घरचा स्वयंपाक, याच घरची पूजा भोयाच्या खांद्यावरच्या पाण्यावर होत होती. घरात नळ आला, भोयाची कावड सुटली, पोटासाठी त्यानं जाळं हातात धरलं आणि लगेच त्याचं पाणी बाटलं! ज्यांच्या शरणांनी, म्हणजे लिंगायत संतांनी, शिवाशीव मोडून टाकावी म्हणून जन्म वेचले, त्यांच्याच घरात हा न्याय. पण पेटीचा चौकोन तिच्या डोळ्यांपुढं होता. तो पाण्यानं भरलेला बघायचा लोभ तिला सुटला होता, म्हणून तिनं 'बरं' म्हटलं आणि ती घागरी घ्यायला निघाली.

हिप्परग्याचं तळं गावापासून दोन कोस. महिपती आणि ती पहाटे पाच घागरी घेऊन आले. वाळू पसरली, गवत रोवलं, पाणी असं हळू ओतलं की वाळूचा कण हलला नाही. आठ दिवसांनी मासे सोडले. आणि खरं सांगायचं तर तसं देखणं काही त्या पेठेत कुणी पाहिलं नव्हतं. गवत डुलत होतं, टिकल्या वर चमकत होत्या, काचक्या होत्या की नव्हत्या असा भास होत होता. शेट दुकान सोडून पेटीसमोर मांडी घालून बसला. बजाबाई दाराआडून बघत उभी राहिली आणि तिलाही बराच वेळ घराची आठवण झाली नाही.

तिसऱ्या दिवशी शरणम्मा मैंदर्गीहून आली.

म्हातारी कडक मडीची, म्हणजे सोवळ्याची. तिनं दोन प्रश्न विचारले. पाणी कुणाचं, आणि किती दिवसांचं? भोयणीच्या घागरीचं, अकरा दिवसांचं, असं कळल्यावर तिनं कपाळाला हात लावला. दुकानाच्या तोंडाशी, लक्ष्मीच्या वाटेवर, शिळं पाणी! गड्यांकडून तिनं पेटी रिकामी करवली. गवत चोळून धुतलं. मासे तेवढे बादलीत काढून ठेवले. मग दुसऱ्या सकाळी, स्वतःच्या देखत चिंचेनं घासून लखलखीत केलेल्या तांब्याच्या हंड्यांतलं पाणी पेटीत ओतलं. नळाचंच पाणी, पण आदल्या संध्याकाळपासून हंड्यात राहिलेलं. तांब्यातलं पाणी शिळं होत नाही, ते जितकं राहील तितकं पवित्र, अशी तिची समजूत. आणि हे रोज करायचं असं तिनं ठरवून टाकलं. एकदा नव्हे, रोज सकाळी.

पहिल्या दिवशी गोगलगाई काचेवरून गळून पडल्या. दुसऱ्या दिवशी टिकल्या वर आल्या आणि तोंड वासू लागल्या. तिसऱ्या सकाळी वीसच्या वीस मासे पांढरी पोटं वर करून तरंगत होते.

बुधवारचा बाजार भरला होता. भीमाशंकर दिवाणजी आले, हातात पत्रावळ, पत्रावळीवर ते वीस जीव. ती पत्रावळ त्यांनी बजाबाईच्या पाटीवर उपडी केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "शेटनी सांगितलंय, तुझी सडकी मासळी तुला लखलाभ. रोगट माल देऊन घराला अपशकुन केलास."

बजाबाईनं पत्रावळ बाजूला सारली. तिनं एक काचकी उचलून तळहातावर घेतली. खवले शाबूत, कल्ले मात्र चिकट, भरून आलेले. रोगानं मेलेली मासळी अशी नसते हे तिला कळत होतं. पण ते बघायला कोण थांबलं होतं? शेजारणीनं तोंडाला पदर लावला. रोज येणारी पद्मशाली बाई पाटीपर्यंत आली, थबकली आणि पुढच्या पाटीकडे वळली. संध्याकाळी बजाबाई निम्मी पाटी तशीच घेऊन घरी गेली. दुसऱ्या दिवशीही तेच. शेटनं म्हटलं म्हणजे खरंच असणार! ज्या माणसाला मरळ आणि वाम यातला फरक ठाऊक नाही, त्याचा शब्द मासळी बाजारात बजाबाईच्या शब्दाहून जड ठरला. याला काय म्हणायचं?

तिसऱ्या दिवशी ती उठली आणि तरातरा मंगळवार पेठेत गेली. मागचं दार उघडंच होतं. अंगणात शरणम्माचे चार हंडे ओळीनं उन्हात ठेवलेले, शेजारी चिंचेचा चोथा. बजाबाई जागच्या जागी उभी राहिली.

"ह्यातलं पानी घातलं व्हय माशांस्नी?" तिनं विचारलं.

"मग काय तुझ्या घागरीतलं घालू?" शरणम्मा म्हणाली.

बजाबाईनं कपाळावर हात मारून घेतला. भोयाच्या घरात रांगतं पोरसुद्धा जिती मासळी तांब्या-पितळेत ठेवत नाही. माती नाहीतर लाकूड. तिनं पेटीबद्दल सगळं सांगितलं होतं, वाळू सांगितली, ऊन सांगितलं, आणि हे एवढं सांगायचं तिच्या मनातही आलं नव्हतं. विस्तवात हात घालू नका असं कुणी कुणाला सांगतं का?

"अव्वा, तांब्यानं मारलं त्यास्नी. माजी मासळी निरोगी हुती."

"तांबं मारतं? देवाचं पाणी त्यात ठेवतो आम्ही. पिढ्यान्पिढ्या पितो. तोंड सांभाळ!"

नागप्पाशेट गडबड ऐकून बाहेर आला. बजाबाईनं त्याला बोलायला सवडच दिली नाही. "शेट, तुमी बाजारात माजं नाव घालवलं. आता बाजारासारकंच, लोकांम्होरं बगा. तुमचा हंडा, तुमीच घासा, तुमीच भरा तुमच्या नळाचं पानी. माजी मातीची घागर, तिच्यातबी तुमच्याच नळाचं. रातभर ऱ्हाऊ द्या दोनी. उद्या सकाळी दोनीत पाच-पाच मासे सोडते. दिवानजी राखनीला बसू द्या."

शेट नको म्हणू शकला नाही, कारण एव्हाना दुकानातली चार गिऱ्हाइकं मागच्या अंगणात डोकावत होती. दुसऱ्या सकाळी दुकानाच्या पायरीवर हंडा आणि घागर शेजारी शेजारी मांडली. बजाबाईनं दहा मासे आणले. हंड्यात पाच सोडताना तिचा हात अडखळला. रोज शेकड्यांनी मासे विकणारी बाई ती, पण खाण्यासाठी मारणं निराळं आणि एका म्हाताऱ्या बाईचा हट्ट खोटा ठरवायला मारणं निराळं. तिनं डोळे मिटून ते सोडले.

दुपारपर्यंत हंड्यातले मासे वर आले. दिवेलागणीच्या आत पाचही उलटे झाले. घागरीतले पाच मस्त फिरत होते. पायरीभोवती गर्दी जमली होती. लोक आधी हंड्याकडे बघत, मग घागरीकडे, मग शेटकडे.

बजाबाईला वाटलं, झालं. आता हा माणूस बोलेल. आता म्हणेल, चुकलं.

बोलली शरणम्मा. "बघितलंत ना?" ती गर्दीला म्हणाली. "आमचं पाणी शुद्ध आहे. हलक्या जिवाला ते सोसत नाही."

आणि गर्दीतल्या दोघा-चौघांनी माना डोलावल्या! पाच जीव गेले, डोळ्यांदेखत गेले, आणि त्यातून या बाईनं काढलं काय, तर स्वतःचाच मोठेपणा. शेटनं घसा साफ केला. "झालं गेलं सोडून दे, बजाबाई. यात्रा चार दिवसांवर आली. पुन्हा आण वीस मासे. पाणीही तुझंच घाल. फक्त मागच्या दारानं..."

"पुडच्या दारानं," बजाबाई म्हणाली. "भर उन्हात. माज्या घागरींनी. न्हायतर ऱ्हाऊ द्या पेटी रिकामी."

आईनं त्याच्याकडे डोळे वटारून बघितलं. पण रिकामी पेटी यात्रेत मांडायची शेटची तयारी नव्हती. त्यानं होकाराची मान डोलावली.

भोगीच्या आदल्या दिवशी बजाबाई आणि महिपती पुढच्या दारानं पाच घागरी घेऊन आले. सारी पेठ बघत होती. वाळू पुन्हा धुतली, नवं गवत रोवलं, पाणी भरलं. आठ दिवस थांबायला आता वेळ नव्हता. पण पाणी त्याच हिप्परग्याच्या तळ्याचं, गवतही त्याच पाण्यातलं, म्हणून तिनं धीर करून मासे सोडले. सहा टिकल्या, सहा पट्ट्यांचे, चार काचक्या, चार तळचे. अगदी तिच्या चौकोनातल्यासारखा जो तो आपापल्या थराला गेला. ती कोपऱ्यात उभी राहून पदरानं हात पुसू लागली.

तेवढ्यात पुण्याचे एक व्यापारी पाहुणे दुकानात आले. पेटी बघून हरखून गेले. वाकून, चष्मा कपाळावर चढवून बघत म्हणाले, "वा, शेट! हे मासे आणलेत तरी कुठून?"

नागप्पाशेटनं जराही न अडखळता सांगितलं, "मुंबईहून."

बजाबाईनं हातातला पदर सोडला. पेठेत लोक बोलतच होते. मग तिचा आवाज फुटला आणि तो सगळ्या पेठेनं ऐकला.

"शेट! मेले तवा माजे, आन् जिते हायत तवर मुंबईचे व्हय?"

शेटनं हसण्याचा प्रयत्न केला. "अगं, बोलण्याची एक पद्धत..."

बजाबाई पुढं झाली. दंडापर्यंत हात पेटीत घातला, पदराचं टोक पसरलं आणि एक टिकली अलगद उचलून आपल्या, तळाशी पाणी उरलेल्या घागरीत सोडली. मग दुसरी. मग एक काचकी. "मुंबईला धाडते," ती म्हणाली. "वाट चुकून आलीत बिचारी."

लोक हसू लागले. पाहुण्यांनी चष्मा खाली घेतला आणि ते शेटकडे बघू लागले. शेटचा चेहरा भस्माइतकाच पांढरा झाला. तो तिच्या कानाशी येऊन पुटपुटला, "तुझेच आहेत. मान्य. थांब आता."

"मला कशाला सांगता? मला ठाव हाय." सहावा मासा घागरीत गेला. "त्यास्नी सांगा. आन् आदीचे ईस कशानं मेले तेबी सांगा."

बाहेर गर्दी वाढत चालली होती. सातवा. आठवा. शेटनं एकदा आईकडे बघितलं, एकदा पेटीकडे, आणि मग घसा फाडून, जणू कुणी पाठीत दांडका घातल्यासारखं, ओरडला, "मासे बजाबाईचे आहेत! हिप्परग्याचे. आधीचेही निरोगी होते. आमच्या हंड्याच्या पाण्यानं मेले. झालं?"

गर्दीत ती रोजची पद्मशाली बाई उभी होती. तिनं बजाबाईकडे बघितलं आणि मान खाली घातली. बजाबाईनं ते बघितलं. तिनं घागर तिरकी केली आणि आठही मासे एकेक करून परत पेटीत सोडले. ते आत शिरून आपापल्या जागी गेले. मग तिनं रिकाम्या घागरी उचलल्या, महिपतीला हाक मारली आणि पुढच्याच दारानं पायऱ्या उतरू लागली.

शेवटच्या पायरीवर ती पोचली तेव्हा मागं पाण्याचा सपकारा झाला. तिनं वळून बघितलं. शरणम्मा हातात तांब्याचा हंडा घेऊन उंबऱ्यावर उभी होती आणि जिथं जिथं भोयणीची पावलं उमटली होती तिथं तिथं पाणी शिंपडत होती. सारी पेठ बघत होती, आणि शेट कापडाच्या गठ्ठ्यांकडे तोंड करून उभा राहिला होता.

बजाबाईच्या कपाळाची शीर तटतटून फुगली. महिपतीनं घाबरून तिचा हात धरला. पण या वेळी तिनं आवाज चढवला नाही.

"अव्वा," ती म्हणाली, "शिंपडा. पायजे तेवडं शिंपडा. पन पेटीत थेंब उडू देऊ नका. माजी मासळी हाय तितं."